बेथला भेटायला कॉन्कॉर्डला

पहिली सूचना: ऑर्चर्ड हाउसच्या फाटकाशी थांबू नका. 'लिटल विमेन' वाचलेले, किंवा शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'तून त्या चार बहिणींच्या घरात शिरलेले सगळेच बोस्टनहून कॉन्कॉर्डला आले की लेक्सिंग्टन रोडवरच्या त्या तपकिरी घरापाशी येऊन उभे राहतात. तुम्हाला भेटायचंय बेथला. म्हणजे जिच्यावरून लुइझा मे ऑल्कॉटने बेथ लिहिली त्या धाकट्या बहिणीला, लिझीला. पूर्ण नाव एलिझाबेथ स्यूअल ऑल्कॉट. आणि लिझी त्या घरात एक रात्रसुद्धा राहिलेली नाही. ऑल्कॉट कुटुंब तिथे राहायला आलं 1858 च्या उन्हाळ्यात. लिझी त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती.

तेव्हा तसेच पुढे चला. अगदी शेजारचंच घर. चालताना रस्त्यावरचं डांबर नाहीसं होईल, मोटारींचा आवाज थांबेल, आणि बुटांना चिखल लागला की समजा, आपण 1846 च्या ऑक्टोबरात पोचलो.

या घराचं नाव हिलसाइड. गेल्याच वर्षी घेतलंय. मुलींच्या आईला, ॲबाला, वडिलांकडून वारसाहक्काने आलेले पैसे आणि वर तत्त्वज्ञ मित्र इमर्सनने घातलेले पाचशे डॉलर, असं करून. घराच्या दोन्ही बाजूंना जे जोड दिसतात ते मूळचं चाकं बनवणाऱ्याचं दुकान. वडिलांनी, ब्रॉन्सन ऑल्कॉटनी, ते मधोमध कापून एकेक भाग एकेका बाजूला आणून लावलाय. हाताने काम करायला हा माणूस कमी नाही. पैसे मिळवायला मात्र आहे.

दार ढकला. तुम्ही कोण, कुठले, असं कुणी विचारणार नाही, कारण इथे पाहुण्यांचा राबता आहे. तत्त्वज्ञ येतात, सुधारक येतात, वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला तो थोरो येतो. येत्या हिवाळ्यात गुलामगिरीतून पळून आलेला एक जणसुद्धा याच छपराखाली लपणार आहे. तेव्हा आणखी एक माणूस फार झाला नाही. तुमच्याकडे पाहून एक अकरा वर्षांची मुलगी किंचित बाजूला सरकेल आणि खुर्चीवरचा शिवणाचा ढीग उचलून तुम्हाला बसायला जागा करून देईल. हीच ती.

तिच्याशी बोलायचा प्रयत्न करू नका, निदान लगेच तरी. दोघी मोठ्या बहिणी कोठारात नाटक बसवतायत, तिथून लुइझाचा आवाज इथपर्यंत येतोय. तिला यंदा मार्चमध्ये स्वतंत्र खोली मिळालीय, बागेत उघडणाऱ्या दाराची, आणि त्या आनंदात ती अजून आहे. सहा वर्षांची धाकटी बहीण मे पायात पायात करतेय. या गलक्यात लिझी कुठे आहे हे विचारावं लागत नाही. जिथे काम आहे तिथे ती आहे.

आज चादरी आहेत. जुन्या चादरी मध्यभागी विरतात, जिथे माणूस झोपतो तिथे. कडा मात्र धडधाकट असतात. टाकून देणं या घराला परवडत नाही. मग चादर मधोमध उभी फाडायची, बाहेरच्या दोन्ही धड कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या, आणि विरलेला भाग दोन बाजूंना गेला की तो दुमडून शिवून टाकायचा. चादर चार बोटं अरुंद होते, पण आणखी दोन-तीन वर्षं चालते. लिझी तुमच्या हातात एक टोक देते. ताणून धरा. ती मधली रेघ बोटाने चाचपते, कात्रीने दोन इंचाचा काप देते आणि उरलेलं हाताने फाडते, सरळ, धाग्यावर. टर्र असा लांब आवाज. मग सुई. बोटाला अंगुस्तान, टाके बारीक, कारण जोड जाड झाला तर रात्रभर पाठीला टोचतो. ती एकदा जोडावरून अंगठा फिरवून पाहते, कुठेतरी तिला गाठ लागते, आणि काही न बोलता चार टाके उसवून पुन्हा घालते. कुणी तपासणार नसतं. घरात चादर वापरणाऱ्यांपैकी कुणाला हा जोड माहीतही होणार नसतो, आणि झाला नाही म्हणजेच तो जमला.

तुम्ही पुस्तकातली बेथ वाचून आलेले असता: भित्री, पियानोवेडी, मोडक्या बाहुल्यांची शुश्रूषा करणारी, शाळेत जायला घाबरणारी. वाचताना प्रत्येकीला ज्यो व्हायचं असतं, काहींना एमी. मेगचाही एखादा पक्ष असतो. बेथ व्हायचंय असं म्हणणारी मुलगी मला आजवर भेटलेली नाही. चांगली मुलगी म्हणजे गोष्टीत मरायला ठेवलेली मुलगी, एवढं वाचकाला दहाव्या वर्षीच कळतं. म्हणूनच या चादरीचं टोक थोडा वेळ धरून बसा. गोष्टीत तिचा चांगुलपणा हा स्वभाव आहे. इथे ते काम आहे, सकाळी सुरू होऊन दिवा मालवेपर्यंत चालणारं, आणि त्यात कसब आहे.

जेवायला थांबलात तर तयारीने थांबा. मांस नाही, म्हणून मराठी शाकाहारी मंडळी खूश होतील, पण फार वेळ नाही. ब्रेड, सफरचंदं, पाणी. कधी भातही असतो, साखरेविना, आणि वरण मागायची सोय नाही. सकाळी उठल्याबरोबर सगळ्यांना थंड पाण्याची अंघोळ. ऑक्टोबरातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ती कशी असते ते तुमचं तुम्ही पाहा. त्यानंतर वडिलांकडे धडे, आणि मग डायरी. मुलींनी रोज डायरी लिहायची हा घरचा नियम, आणि ती आईवडिलांनी वाचायची हाही. लुइझाची डायरी वाचली तर वादळ आहे: रुसवे, निश्चय, पुन्हा मोडलेले निश्चय. लिझीचं पान कोरडं. काय धडा झाला, काय शिवलं, काय वाचलं. तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं असं अभ्यासकांनाही कधी कधी वाटून जातं. पण वडील वाचणार हे ठाऊक असलेल्या वहीत अकरा वर्षांची मुलगी दुसरं काय लिहील? लुइझाला वाचलं जाण्याचं भय नव्हतं, एवढाच फरक असेल. मला तर त्या कोरडेपणात एक बंद दार दिसतं, आणि ते तिनेच लावून घेतलेलं.

तिला लपावंसं वाटण्याला कारणही होतं. जन्मल्यापासून तिच्यावर वडिलांची नजर होती, आणि तीही साधी नाही. 24 जून 1835 रोजी बोस्टनमध्ये ती जन्मली तेव्हा ब्रॉन्सन टेंपल स्कूल नावाची प्रायोगिक शाळा चालवत होते आणि बाळाच्या मनात आत्म्याची पहिली हालचाल कशी होते हे टिपत होते. लिझीच्या बाळपणावर त्यांनी 'सायकी' नावाचं जाडजूड हस्तलिखित लिहिलं. इमर्सनने वाचून छापू नका असा सल्ला दिला, आणि तो त्यांनी ऐकला. तिचं मधलं नावही आधी पीबडी होतं, शाळेतल्या सहकारी एलिझाबेथ पीबडी यांच्यावरून. त्यांच्याशी बिनसलं आणि लहानग्या पोरीचं नाव बदलून स्यूअल झालं.

फ्रूटलँड्सलाही एक चक्कर मारून यावं, पण लांब थांबू नका; उपाशी राहाल. 1843 चा जून, हार्वर्ड नावाचं खेडं (विद्यापीठ दुसरीकडे). इथे वडील आणि त्यांचे इंग्रज मित्र चार्ल्स लेन यांनी नव्वद एकरांवर नवा स्वर्ग मांडलाय. नाव फळांचं, आणि झाडं पाहाल तर सफरचंदाची जुनी दहा-एक. दूध नाही, कारण ते वासराचं. लोकर नाही, ती मेंढीची. कापूस नाही, कारण तो गुलामांच्या हातून वेचलेला. या शेवटच्याला मान डोलवावीच लागते. सगळ्यांच्या अंगात लिननचे ढगळ कपडे. चोवीस तारखेला लिझीचा आठवा वाढदिवस झाला. रानात एका लहानशा पाइनच्या झाडाला भेटवस्तू टांगल्या, लेनने व्हायोलिन वाजवलं. चांगला दिवस होता. पुढे पुरुष मंडळी तत्त्वज्ञानाच्या प्रचाराला बाहेर पडली, शेतात कापलेलं बार्ली तसंच पडलं आणि आभाळ भरून आलं, तेव्हा ते ॲबाने पोरांना हाताशी धरून, टोपल्यांत आणि लिननच्या चादरींत भरून आत आणलं. निदान लुइझाने 1873 साली या प्रयोगाची खिल्ली उडवणारी गोष्ट लिहिली त्यात तसं आहे. पुढच्या जानेवारीत स्वर्ग बंद पडला. आठ वर्षांच्या मुलीला तत्त्वज्ञानातलं काय कळलं असेल कोण जाणे. घर कोण चालवतं, हे नक्की कळलं असणार.

आता बोस्टन. 1848 च्या नोव्हेंबरात हिलसाइड सोडून सगळे इथे आले, आणि आता पन्नास साल ओलांडलंय. आई शहरातल्या गरिबांमध्ये मदतकार्य करते, मोलकरणींना कामं मिळवून देणारी कचेरी चालवते. थोरली बहीण ॲना आणि लुइझा शिकवण्या करतात, शिवणं घेतात. वडील 'संवाद' घेतात, म्हणजे तिकीट लावून लोकांशी बोलतात. तिकिटं फारशी खपत नाहीत. पायऱ्या उतरून खाली तळघरात या. स्वयंपाकघर इथे आहे, उजेड वरच्या अर्ध्या खिडकीतून येतो तेवढाच. पंधरा-सोळा वर्षांची लिझी चुलीपाशी आहे. लोखंडी इस्त्र्या दोन: एक तापायला ठेवायची, दुसरी फिरवायची, आणि तापली की नाही हे ओल्या बोटाने पाहायचं. चर्र झालं की योग्य. मोठ्या बहिणी कमावत्या झाल्या म्हणून त्यांच्याविषयी लिहिलं गेलं. त्या कमावून घरी आल्या की गरम काहीतरी पुढ्यात येत होतं, ते या तळघरातून. लुइझाला याची जाणीव होती. आपल्या आठवणींत तिने धाकट्या बहिणीला घरची कारभारीण म्हटलंय आणि त्या तळघराचा उल्लेख प्रेमाने केलाय. प्रेमाने, हे खरं. पण ते तळघर होतं, हेही खरं.

1854 च्या फेब्रुवारीतली एक रात्र बघूनच निघा. वडील पश्चिमेकडच्या व्याख्यान-दौऱ्यावरून परत आलेत, गारठलेले, थकलेले. सगळ्या जणी झोपेतून उठून धावतात, कुणी शेकोटी पेटवते, कुणी खायला आणते. पैसे मिळाले का हे विचारायचं धाडस कुणालाच नाही. शेवटी लहानगी मे विचारते. ब्रॉन्सन पाकीट उघडून एक डॉलर दाखवतात. आई हसून त्यांना जवळ घेते आणि फार छान झालं म्हणते. लुइझाने हा प्रसंग वडिलांच्या थोरवीचा आणि आईच्या प्रेमाचा म्हणून नोंदवला आहे. वाचताना माझा मात्र प्रत्येक वेळी तोल जातो. तुमचा जाईल तर जाऊ द्या. इथे तुम्हाला कुणी ऐकत नाही.

वॉलपोल, न्यू हॅम्पशायर. 1856 चा उन्हाळा. नातेवाइकांनी बिनभाड्याने दिलेलं घर, म्हणून इथे. गावात एक गरीब कुटुंब आहे, त्यांची खोली एका तळघरावर, आणि तळघरात घरमालकाने डुकरं ठेवलेली. मालक चर्चचा डीकन. मुलं तापाने फणफणलेली. ॲबा त्यांच्या शुश्रूषेला जाते, आणि तळघर साफ केलं नाहीस तर तुझ्यावर कारवाई करवीन, असं त्या डीकनला ठणकावते, तेव्हा कुठे तो हलतो. पण स्कार्लेट फीव्हर तोवर घरी आलेला असतो. मे आणि लिझी दोघींना. मे उठते.

कादंबरीत हे दुखणं बेथ स्वतः आणते: आई बाहेरगावी, बहिणींना कंटाळा, म्हणून ती एकटी हमेल नावाच्या गरीब कुटुंबाच्या घरी जात राहते, बाळ तिच्या मांडीवर जातं, आणि परत येऊन ती आईच्या कपाटातून बेलाडोना काढून घेते. बेलाडोना वाचून आपल्याकडचा वाचक थबकतो. त्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या आपल्या घराघरांत आहेत. ऑल्कॉटही होमिओपॅथीवाले. त्या काळातल्या दुसऱ्या औषधाने तरी काय झालं असतं? तापामागचा जिवाणू अजून कुणाला माहीत नव्हता, पेनिसिलिन यायला ऐंशीएक वर्षं होती. ताप उतरला तरी ती आतून खंगत गेली. 1857 च्या ऑगस्टमध्ये आईने तिला समुद्राच्या हवेवर नेलं. गुण आला नाही.

मग पुन्हा कॉन्कॉर्ड. भाड्याचं घर, गावाच्या मध्यावर. ऑर्चर्ड हाउस विकत घेतलंय पण ते मोडकळीला आलेलं, दुरुस्ती चाललीय. 1858 च्या जानेवारीत वर तिच्या खोलीत जा. तुम्हाला ती ओळखू येणार नाही. बावीस वर्षांची मुलगी, आणि चेहरा चाळिशीतल्या बाईचा; सगळे सुंदर केस गेलेले. लुइझाने एका पत्रात तिला असंच रंगवलंय. पण हातात सुई आहे. ती काहीतरी लहानसहान विणते, शिवते, आणि खाली शाळेतली मुलं रस्त्याने निघाली की खिडकीतून अलगद खाली सोडते. मुलं वर बघतात. ती हसते. तिला बघायचं असतं ते त्यांचं चकित होणं. एवढ्या सगळ्या वर्षांत लिझीचा खोडकरपणा म्हणून काही दिसतो तर तो हा, आणि तो सापडावा म्हणूनच मी तुम्हाला इतक्या लांब आणलं.

मार्चमध्ये एक दिवस ती सुई खाली ठेवते. जड लागते म्हणते.

शेवटचे दिवस वाईट आहेत, ते मी फार सांगणार नाही. ईथरचा उपयोग होईनासा झालाय आणि तरी ती त्यासाठी हात पुढे करते. 14 मार्चच्या पहाटे तीनला सगळं संपतं. आई आणि लुइझा शेजारी असतात. नंतर काही क्षण तिच्या अंगावरून धुक्याची पातळ रेघ वर गेलेली दोघींनी पाहिली, आणि डॉक्टरांनी त्याला प्राण जाताना दिसणं म्हटलं, असं लुइझाच्या डायरीत आहे. एरवी व्यवहारी असलेल्या बाईने ते सरळ, कुठलाही शेरा न मारता लिहिलंय. तुम्ही दाराशी उभे आहात; तुम्हाला दिसलं का, ते तुम्ही ठरवा. तिला खांदा देणाऱ्यांत राल्फ वॉल्डो इमर्सन आहे, हेन्री डेव्हिड थोरो आहे, घरचा स्नेही फ्रँकलिन सॅनबर्न आहे, आणि जॉन प्रॅट, जो पुढे ॲनाशी लग्न करेल आणि कादंबरीत मेगचा नवरा होईल. बोलायला लाजणाऱ्या मुलीच्या तिरडीला अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बोलक्यांचे खांदे.

आता हवं तर ऑर्चर्ड हाउसला या. 1868 चा मे महिना. वरच्या मजल्यावर दोन खिडक्यांच्या मधे वडिलांनी बसवून दिलेलं अर्धगोल मेज आहे, आणि त्यावर लुइझा वैतागून लिहितेय. बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सचे टॉमस नाइल्स मुलींसाठी गोष्ट मागतायत. तिला मुली फारशा आवडत नाहीत, आणि बहिणी सोडल्या तर फारशा माहीतही नाहीत. मग बहिणीच. ॲनाची मेग होते, मेची एमी, ती स्वतः ज्यो. एलिझाबेथ एलिझाबेथच राहते, फक्त हाक मारायला बेथ. आणि ज्या घरात ती कधी राहिली नाही त्या घरात लुइझा तिला आणून ठेवते: वय तेरा, काळ यादवी युद्धाचा, जो सुरू झाला तेव्हा लिझीला जाऊन तीन वर्षं झाली होती. शेजारी एक श्रीमंत म्हातारा देते, त्याच्याकडून पियानो देववते. पहिल्या भागात तापातून उठवतेसुद्धा. दुसऱ्या भागात तिला जाऊ द्यावंच लागतं, पण वेदनेच्या वाट्याला मोजक्याच ओळी येतात. ईथर गाळलंय, गेलेले केस गाळलेत. खिडकीतून खाली सोडलेल्या वस्तू ठेवल्यात, आणि जड झालेली सुईही. एखादीने बहिणीसाठी याहून वेगळं काय केलं असतं, मला सांगता येत नाही. तरी ती चादर तिने लिहायला हवी होती असं वाटतंच.

पहिला भाग सप्टेंबरच्या अखेरीस निघाला, दोन हजारांची आवृत्ती बघता बघता संपली. दुसरा भाग पुढच्या वसंतात. 1869 मध्ये लुइझाने डायरीत समाधानाने नोंद केली, की घरावरची सगळी देणी, पैशाने फिटण्यासारखी होती तेवढी, एकूण एक फेडून झाली.